आजोबांच्या पुतळ्यांचे फोटो: स्कॅनर नंतर घ्या, घर पाडायच्या आत आधी हे करा

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही कळेल. यवतमाळ जिल्ह्यातले एक भाऊ विचारताहेत की त्यांचे आजोबा मूर्तिकार होते, साठ-सत्तरच्या दशकापासून आसपासच्या तालुक्यांत त्यांनी बाबासाहेबांचे, गाडगेबाबांचे, शिवाजी महाराजांचे पुतळे केले. आजोबा आता नाहीत. घरात दोन लोखंडी पेट्या भरून फोटो आणि निगेटिव्ह आहेत, थोडे अल्बम आहेत, मागच्या टिनाच्या शेडमध्ये साचे आणि अवजारं तशीच पडून आहेत. दिवाळीनंतर जुनं घर पाडून नवीन बांधायचंय. काका म्हणतात सगळं स्कॅन करून पेनड्राइव्हमध्ये टाका अन् जुनं देऊन टाका. तर स्कॅनर कोणता घेऊ आणि वेबसाइट कशी बनवू?

भाऊ, मी वर्धेकडे बरीच वर्षं जुने फोटो आणि कागदपत्रं सांभाळायचं काम करतोय, त्यात दोन-तीन मूर्तिकारांच्या घरचंही काम आलं, त्यावरून सांगतो. स्कॅनर ही तुमची शेवटून दुसरी अडचण आहे आणि वेबसाइट शेवटची. खरी अडचण अशी आहे की कोणता फोटो कशाचा आहे हे तुमच्या घरात आज कदाचित दोनच माणसांना माहीत असेल, आजीला आणि आजोबांच्या हाताखाली माती मळणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्या कारागिराला, आणि बाकीची माहिती त्या पेट्यांमध्ये फोटो ज्या क्रमानं ठेवलेत त्या क्रमात आहे. दिवाळीनंतर शेड जाईल, पेट्या हलवताना क्रम जाईल. स्कॅन तर पुढच्या वर्षीही होईल.

मूर्तिकाराचे फोटो हे लग्नाच्या फोटोंसारखे नसतात, हे आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. पुतळा कसा होतो? लोखंडी सळ्या, लाकूड, तार यांचा सांगाडा, त्यावर ओली माती, महिना महिना ती माती ओल्या पोत्यानं झाकून ओली ठेवायची, मुद्रा जमली की वरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, आणि साचा उघडला की आतली माती खरवडून बाहेर. म्हणजे मूर्तिकाराच्या बोटांनी जे प्रत्यक्ष घडवलं ते साचा काढतानाच मोडतं. एकदाच वापरायचा साचा असेल तर ओतकाम झाल्यावर तोही छिन्नीनं फोडून काढतात. चौकात जे उभं राहतं ते सिमेंट, ब्राँझ नाहीतर फायबरमधलं ओतलेलं रूप, आणि आपल्याकडे तर त्यावर दर जयंतीला सोनेरी नाहीतर चंदेरी ऑइलपेंटचा हात बसतो, एकावर एक इतके थर की डोळ्याच्या कडा, मिशीचे केस, कोटाच्या सुरकुत्या सगळं बुजून जातं. तेव्हा मातीच्या अवस्थेतला एखादा धुरकट, वाकडा, मागे पोतं लटकलेला फोटो हा त्या कामाचा एकमेव पुरावा असू शकतो. आणि नेमके हेच फोटो घरचे लोक 'हे अर्धवट आहेत, हे काढून टाका' म्हणून बाजूला करतात, अनावरणाचे हारतुऱ्यांचे तेवढे ठेवतात. अनावरणाच्या फोटोत पुतळा कमी आणि पुढारी जास्त दिसतात हो.

अमरावती जिल्ह्यातल्या एका घरचं काम करताना एक फोटो हाती आला होता. पोस्टकार्डाएवढा, काळापांढरा, मातीतलं एक डोकं, समोरून. त्यावर निळ्या शाईनं गालापासून हनुवटीपर्यंत एक बारीक रेघ ओढलेली, कानापाशी दोन टिंबं, आणि मागे पेन्सिलनं लिहिलेलं 'डावा गाल भरणे'. घरच्या मुलाला वाटलं लहानपणी कोणीतरी फोटोवर गिरगिटलंय, स्कॅन करून ती रेघ कॉम्प्युटरवर पुसून द्या म्हणाला. मी म्हटलं, ही रेघ म्हणजेच तुझे वडील आहेत, ती पुसायची नाही. मूर्तिकार माणूस दिवसभर मातीसमोर उभा राहिला की त्याची नजर त्या चेहऱ्याला सरावते, चूक दिसेनाशी होते, फोटो काढला की तीच चूक झटकन दिसते. रोदाँसारखा मोठा फ्रेंच शिल्पकारसुद्धा आपल्या कामांचे फोटो काढून घ्यायचा आणि त्यावर पेन-पेन्सिलनं बदल रेखाटायचा, १९१६ साली त्यानं आपलं सगळं काम फ्रेंच सरकारला देऊन टाकलं त्यात हे फोटोही गेले, आणि आज ते पॅरिसच्या त्याच्या संग्रहालयात जपलेले आहेत. त्यानं केलेला बाल्झाक या फ्रेंच लेखकाचा पुतळा १८९८ मध्ये ज्या लेखकांच्या संस्थेनं करायला सांगितला होता तिनंच नाकारला, तो ब्राँझमध्ये ओतून पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहायला १९३९ उजाडलं, रोदाँ जाऊन तेव्हा वीस वर्षं होऊन गेली होती. मधल्या काळात त्याच्या प्लास्टरमधल्या रूपाचे, १९०८ मध्ये स्टायकेन नावाच्या फोटोग्राफरनं चांदण्यात काढलेले फोटो लोकांसमोर होते. तुमच्या पेटीतही असा एखादा नाकारलेला पुतळा असेल, समितीनं पैसे दिले नाहीत म्हणून अडकलेला, फोटोपुरताच उरलेला.

आता घर पाडायच्या आत काय करायचं ते सांगतो.

पहिलं काम शेडचं, आणि ते या रविवारीच करा. काही हलवू नका, झाडू नका, जाळंसुद्धा काढू नका. दारातून एक फोटो, मग चारही भिंती समोरून, मग प्रत्येक फळी, प्रत्येक कोपरा, मग एकेक अवजार जिथे आहे तिथेच. मोबाइल चालेल, फक्त फ्लॅश बंद ठेवा आणि सकाळच्या उजेडात काढा, टिनाखाली दुपारी उजेडाचे पट्टे पडतात. भिंतीवर कोळशानं मापं लिहिलेली असतील, हिशोब असतील, कोणाचे फोन नंबर असतील, त्यांचे जवळून वेगळे फोटो घ्या, कारण भिंत पडली की ती वही गेली. ब्रांकुशी नावाचा शिल्पकार होता, रोमानियातला, पॅरिसला राहायचा, तो आपल्या कामांचे फोटो दुसऱ्या कोणाला काढूच द्यायचा नाही म्हटलं तरी चालेल, मॅन रे या फोटोग्राफरच्या मदतीनं त्यानं कॅमेरा घेतला, डार्करूम केली आणि स्वतः काढायला लागला. त्याचं म्हणणं असं की कोणतं शिल्प कोणत्या शिल्पाशेजारी ठेवलंय, उजेड कुठून येतोय, हासुद्धा कामाचाच भाग आहे. जाताना अख्खा स्टुडिओ जसाच्या तसा ठेवायच्या अटीवर त्यानं सरकारला दिला, आणि तो नंतर पॅरिसमध्ये परत उभा केला गेला. आपल्याकडे अलिबागजवळ सासवणेला शिल्पकार करमरकरांच्या राहत्या घरीच त्यांची शिल्पं बघायला मिळतात, जमलं तर एकदा जाऊन या, घर आणि काम एकत्र राहिलं की काय फरक पडतो ते तिथे कळतं. तुमची शेड तशी ठेवणं शक्य नसेल हे मला कळतं, नवीन घरही पाहिजेच. पण तिचे शंभरेक फोटो घ्यायला एक सकाळ पुरते.

साच्यांचं काय करायचं हे जागेवर अवलंबून आहे. प्लास्टरचे साचे जड असतात, पावसात भिजले की भुगा होतात, सगळे ठेवा असं मी सांगणार नाही. चेहऱ्यांचे तेवढे ठेवा, बाकीच्यांचे फोटो घेऊन सोडा, असं मी बहुतेकांना सांगतो.

दुसरं काम माणसांचं. आजी असतील, तो कारागीर असेल, ट्रकवाला किंवा गवंडी असेल ज्यानं चबुतरे बांधले. त्यांच्या हातात फोटो द्यायचा, मोबाइलवर दाखवायचा नाही. म्हाताऱ्या माणसाला मोबाइलच्या काचेवर काही दिसत नाही आणि बोट लागून फोटो सरकला की बोलण्याचा धागा तुटतो. मूळ फोटो द्यायची भीती वाटत असेल तर गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून मोठी प्रत काढून आणा. मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून बाजूला ठेवा, आणि 'हा पुतळा कोणाचा' असं विचारण्यापेक्षा 'बाजूला उभा आहे तो कोण' असं विचारा. पुतळा कोणाचा ते फोटोत दिसतंच, माणूस ओळखला की वर्ष सापडतं, 'हा तर आपला अमका, त्याचं लग्न व्हायचं होतं तवा', झालं, चार-दोन वर्षांच्या आत तुम्ही आलात. एका गावी मी बैलबंडीचा फोटो दाखवला तर बुढे बाबा म्हणाले, "पुतळा बंडीवरच आणला होता ना बाप्पा, तवा रस्ता कुठी होता!" त्या एका वाक्यावरून आम्ही ग्रामपंचायतीत रस्त्याचं साल बघितलं आणि पुतळा त्याच्या आधीचा हे पक्कं झालं, चबुतऱ्यावरची पाटी नंतर बदललेली निघाली.

जे सांगितलं ते एका रजिस्टरमध्ये लिहा, कोणी सांगितलं आणि कोणत्या तारखेला तेही लिहा. खात्रीची गोष्ट सरळ लिहायची, अंदाज असेल तर पुढे प्रश्नचिन्ह. हे प्रश्नचिन्ह फार महत्त्वाचं आहे, कारण दहा वर्षांनी तुमचा अंदाज कोणीतरी छापील सत्य म्हणून वापरेल. दोघांनी दोन वेगळं सांगितलं तर दोन्ही लिहा, भांडण सोडवत बसू नका. पुतळे बसवलेल्या गावांना सगळ्यात शेवटी गेलात तरी चालेल, पुतळे कुठे जात नाहीत. जायचंच तर १४ एप्रिलला किंवा २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला जा, सगळं गाव पुतळ्यापाशी असतं, एकानं ओळखलं नाही तर दुसरा ओळखतो. कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी गेलात तर गावात कोणी भेटणार नाही, सगळे वावरात.

तिसरं, पेट्या. आत्ता पावसाळा आहे, हवेत ओल आहे, फोटोवरचा जिलेटिनचा थर ओलीनं फुगतो आणि चिकट होतो, या दिवसांत एकमेकांना चिकटलेले फोटो ओढले तर चित्र एका बाजूला आणि कागद दुसऱ्या बाजूला येतो. म्हणून आत्ता पेटी उघडायची ती फक्त बघायला आणि क्रमाचे फोटो घ्यायला: वरचा थर जसा आहे तसा फोटो, तो उचलला की खालचा. हाताळणी ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत करा. आणि एक गोष्ट आपल्या भागासाठी मुद्दाम सांगतो, उन्हाळ्यात ज्या खोलीत कूलर चालतो त्या खोलीत हे काहीही ठेवू नका. बाहेर पंचेचाळीस डिग्री कोरडं असतं आणि कूलरच्या खोलीत मे महिन्यात पावसाळ्यासारखी ओल असते, बुरशी तिथेच धरते. घराच्या मधल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकवता, जमिनीपासून वीतभर उंच ठेवलेलं लोखंडी कपाट सगळ्यात बरं. वाळवी भिंतीतून आणि जमिनीतून चढते, म्हणून हे अंतर. डांबरगोळ्या नको, कडुनिंबाचा पालाही नको, पाल्यात ओल असते.

रबरबँड काढा, रबरात गंधक असतं, फोटोतल्या चांदीला ते काळं-पिवळं करतं. टाचण्या, स्टेपल काढा, पण जुनी सेलोटेप ओढू नका. काचेला चिकटलेला फ्रेमचा फोटो सोडवायचा प्रयत्न करू नका, काचेसकट त्याचा फोटो घ्या. ऐंशी-नव्वदच्या दशकात ते चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम सगळीकडे आले होते, त्यातले फोटो बोटानं उचकटू नका, दात साफ करायचा पातळ दोरा फोटोखालून हळूहळू करवतीसारखा फिरवा, सुटला तर ठीक, नाहीतर पानासकट राहू द्या.

निगेटिव्ह हे तुमच्या पेटीतलं सगळ्यात मोलाचं, आणि लोक सगळ्यात आधी तेच टाकतात. चौकोनी मोठ्या असतील तर त्या १२० नंबरच्या रुंद फिल्म रोलच्या, क्लिक थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यानं काढलेल्या, एका रोलमध्ये बारा. त्या वेळच्या छोट्याशा प्रिंटमध्ये जे दिसत नाही ते या निगेटिव्हमध्ये असतं, मागच्या फळीवरचे दुसरे पुतळे, भिंतीवर लावलेला संदर्भाचा फोटो. काही निगेटिव्हवर लाल रंग फासलेला दिसेल, तो डाग नाही. पुतळ्याच्या मागचा पसारा छापताना येऊ नये म्हणून स्टुडिओवाले तो भाग रंगानं झाकायचे. तो पुसू नका. निगेटिव्ह नाकाजवळ न्या, आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर फिल्म कुजायला लागली आहे, ती बाकीच्यांपासून लगेच वेगळी करा आणि स्कॅनला तिचा नंबर पहिला लावा, कारण हे कुजणं थांबत नाही, आणि बंद पेटीत शेजारच्या फिल्मलाही लागतं. कडेला इंग्रजीत 'सेफ्टी' लिहिलंय का तेही बघा. लिहिलेलं नसेल आणि फिल्म १९५० च्या आसपासची किंवा आधीची वाटत असेल तर ती नायट्रेटची असू शकते, ती झटकन पेट घेते, स्वयंपाकघर आणि देवघराजवळ ठेवू नका आणि जाणकाराला दाखवा.

पाकिटं कोणती, हे विचारणारच म्हणून सांगतो. खाकी पाकिटं आणि वर्तमानपत्र नको, त्यातलं आम्ल फोटोत उतरतं. वास येणारं मऊ प्लास्टिक, म्हणजे पीव्हीसी, तेही नको. पॉलिप्रॉपिलीन चालतं, पण आपल्या पावसाळ्यात बंद प्लास्टिकमध्ये ओल कोंडते असा माझा अनुभव आहे, म्हणून मी ॲसिडफ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या कागदाची पाकिटं वापरतो, ऑनलाइन मागवता येतात. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नका, पुढे उठतं. मऊ पेन्सिलनं कडेला फक्त नंबर, तोही हलक्या हातानं, आणि नवीन गुळगुळीत रंगीत प्रिंटवर पेन्सिल चालतच नाही, तिथे पाकिटावर लिहा. नंबर साधा ठेवा, पेटी, पाकीट, फोटो, १-०४-००७ असा. विषयानुसार गट करायचा मोह होईल, बाबासाहेबांचे एका ठिकाणी, महाराजांचे एका ठिकाणी. वस्तूंचा करू नका, रजिस्टरमध्ये करा. आजोबांनी एका पाकिटात गाडगेबाबांचा फोटो आणि एका अनोळखी म्हाताऱ्याचा फोटो एकत्र ठेवला असेल तर तो म्हातारा बहुधा चेहऱ्यासाठी किंवा हातांसाठी बसवलेला माणूस आहे, वेगळे केलेत की तो कायमचा अनोळखी झाला. तसेच पासपोर्ट फोटो, कॅलेंडरची कापलेली चित्रं, चौकटी आखलेली छायाचित्रं, ही आजोबांनी काढलेली नसली तरी त्यांच्या कामाचीच आहेत, ठेवा.

आता स्कॅनर. फोटो आणि १२० च्या निगेटिव्ह दोन्ही करायचे असतील तर झाकणात दिवा असलेला फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर ठेवून स्कॅन करायचा स्कॅनर लागतो, एपसनचा व्ही ६०० सारखा. ऑफिसचा थ्री-इन-वन निगेटिव्हला चालत नाही. प्रिंट ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके), अगदी छोटे फोटो १२००, मोठ्या निगेटिव्ह २४०० आणि ३५ एमएमच्या छोट्या निगेटिव्ह ३२०० पर्यंत. काळेपांढरे फोटोसुद्धा रंगीत मोडवरच करा, म्हणजे शाईच्या रेघा आणि पेन्सिल वेगळी दिसते, आणि मागची बाजू कोरी नसेल तर तीही करा, स्टुडिओचा शिक्का तिथेच असतो. मूळ फाइल टिफ (TIFF) प्रकारात, तिला हात लावायचा नाही, उजेड-अंधार जे करायचं ते जेपेगच्या (JPEG) कॉपीवर. ६ बाय ४ चा एक फोटो असा साधारण २६ एमबी होतो, हजार फोटो म्हणजे २६ जीबी, फार नाही. पण पेनड्राइव्हवर विसंबू नका, ते न सांगता बंद पडतात. दोन हार्डडिस्क, त्यातली एक दुसऱ्या गावी नातेवाइकाकडे, आणि एक कॉपी क्लाउडवर. व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साध्या पाठवण्यात फोटो बारीक होतो आणि फाइलमधली माहिती निघून जाते. बजेट नसेल तर भाड्यानं किंवा तालुक्याच्या फोटोवाल्याशी ठरवून करा, फक्त त्याला स्पष्ट सांगा की सुधारणा करायची नाही, चेहरे उजळ करायचे नाहीत.

काकांना एवढं सांगा की स्कॅन म्हणजे मूळ नव्हे. आजचा स्कॅन चुकला तर निगेटिव्हवरून परत करता येतो, निगेटिव्ह भंगारात गेली तर नाही. आणि या फोटोंना घरापलीकडेही किंमत आहे, कारण मुंबई-पुण्याच्या मूर्तिकारांवर थोडंफार लिहिलं गेलंय, पण आपल्या खेड्यापाड्यात वर्गणी गोळा करून जे पुतळे उभे राहिले, ते कोणी केले, कोणत्या पैशात केले, चेहरा कोणत्या फोटोवरून घेतला, याची नोंद सरकारदरबारी शोधून सापडत नाही. ती तुमच्या पेटीत आहे.

वेबसाइटबद्दल. चौकातल्या, कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढायला आणि छापायला १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मोकळीक आहे, तिथे अडचण नाही. जुने फोटो स्टुडिओवाल्यानं काढलेले असतील तर ते कोणी पैसे देऊन काढून घेतले यावर हक्क ठरतो, वेगळा करार नसेल तर पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा, मग तो आजोबांचा असेल किंवा पुतळा समितीचा. शिक्का आहे त्या फोटोखाली स्टुडिओचं नाव द्या, ते नैतिकदृष्ट्याही बरोबर आहे. घरातले खासगी फोटो आणि जिवंत माणसांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका. एखाद्या कॉलेजला किंवा संग्रहालयाला द्यायचं झालं तर आधी डिजिटल कॉपी द्या, मूळ देताना काय दिलं याची नंबरवार यादी आणि घरच्यांना कधीही बघता येईल हे लेखी घ्या. नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात एकदा जाऊन बोला, शिल्पकला जाणणारे मास्तर भेटले तर त्यांना मातीचे फोटो दाखवा, त्यातून कामाच्या पद्धतीबद्दल ते जे सांगतील ते मला सांगता येणार नाही.

आत्ता एवढंच करा: शेडचे फोटो, आजींचं रेकॉर्डिंग आणि पेटीच्या थरांचे फोटो. निगेटिव्हला आंबट वास येतो का आणि कडेला काय लिहिलंय तेवढं मला कळवा, त्यावरून आधी काय स्कॅन करायचं ते ठरवू.